सायकल चालते, पण पाय चालत नाहीत

आमचे तात्या रोज संध्याकाळी वाईच्या गणपती घाटावर जातात. गेली चाळीस वर्षं जातात. दीड-दोन वर्षांपूर्वी काकूंच्या लक्षात आलं, की पूर्वी वीस मिनिटांत घाटावर पोचणारा माणूस आता पाऊण तास लावतोय. तात्या काही बोलले नाहीत. पुढे एकदा मी सोबत गेलो तेव्हा कळलं. शेदोनशे पावलं झाली की त्यांच्या पोटऱ्या भरून यायच्या, मांड्या जड व्हायच्या, तळपायाला मुंग्या यायच्या. मग कुणाच्या तरी ओट्यावर, कट्ट्यावर टेकायचे. पाच मिनिटांत पाय पुन्हा आपले. जिथे कट्टा नाही तिथे चपलेचा अंगठा नीट करायचं निमित्त करून वाकायचे! मला वाटलं चप्पल जुनी झाली असेल. मी नवी घेऊन दिली. तात्या नव्या चपलेचाही अंगठा नीट करायला लागले.

आणि हाच माणूस सकाळी सायकलवर टांग मारून चार किलोमीटरवरच्या मळ्यात जाऊन यायचा, पायाबद्दल चकार शब्द न काढता. त्यामुळे घरात जे व्हायचं तेच झालं. "मळ्यात जाताना बरे दुखत नाहीत पाय! भाजी आणायला सांगितली की दुखतात," असं काकू म्हणायच्या. चुलतभाऊ हसायचा. तात्यांनाही हळूहळू वाटायला लागलं की आपल्याच मनाचे खेळ असावेत. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि ते ऐकून मला जरा लागलं.

दुखण्याचं नाव शेवटी निघालं: लंबर कॅनल स्टेनोसिस. म्हणजे कमरेच्या मणक्यांमधली नळी अरुंद होणे. तेव्हापासून नातेवाइकांचे फोन चालू आहेत. कुणी म्हणतं लगेच ऑपरेशन करा, कुणी म्हणतं मणक्याला हात लावायचा नाही, कुणाच्या व्याह्यांना अमक्या तेलाने गुण आलाय. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहावं म्हणून बसलो. बसलो तर वाचत गेलो, आणि वाचता वाचता औषधाच्या माहितीपेक्षा या आजाराच्या इतिहासातच जास्त गुंतलो. कारण तात्यांच्या बाबतीत घरात जे झालं, तेच या आजाराच्या बाबतीत शेदीडशे वर्षं डॉक्टरांच्या जगात झालेलं आहे.

आधी थोडी रचना सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मणके एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक मणक्याच्या पुढच्या जाड भागामागे एक भोक असतं. ही भोकं एकाखाली एक आली की नळी होते. मोठ्या माणसात मेंदूकडून येणारा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली नसांचा नुसता झुबका लोंबत असतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तो घोड्याच्या शेपटासारखा दिसला, म्हणून त्याचं लॅटिन नावही तेच, कॉडा इक्वायना. आता वय वाढतं तशी पुढून गादी थोडी फुगून आत येते, दोन्ही बाजूंचे सांधे झिजून जाड होतात, आणि मागचा पिवळा अस्थिबंध जाडजूड होतो. जुन्या पेठेतल्या बोळासारखं समजा. समोरच्याने पायरी पुढे घेतली, बाजूच्याने पन्हळ काढली, मागच्याने ओटा वाढवला. प्रत्येकाने थोडं थोडंच घेतलं, पण बोळातून सायकल जाईना.

खरी गंमत उभं राहण्यात आहे. आपण ताठ उभे राहिलो, चाललो, की कमरेला मागे बाक येतो आणि तो मागचा अस्थिबंध सदऱ्याची बाही वर सारल्यावर चुण्या पडाव्यात तसा आत दुमडतो. नळी आणखी चिणते. वाकलं, बसलं, की तोच अस्थिबंध ताणला जातो, नळी थोडी मोकळी होते. तात्यांच्या चपलेच्या अंगठ्याचं रहस्य एवढंच. सायकलवर माणूस हँडलवर ओणवा असतो, म्हणून सायकल चालते. विठोबासारखं एका जागी ताठ उभं राहणं मात्र रेशनच्या रांगेत पाच मिनिटंही जमत नाही.

तर हे दुखणं जगाला कळलं कसं? सुरुवात एका घोड्यापासून होते. १८३१ साली फ्रान्समध्ये बूले नावाच्या पशुवैद्याने एक घोडा पाहिला. थोडा धावला की लंगडायचा, थांबला की ठीक. मेल्यावर त्याच्या मागच्या पायांच्या रक्तवाहिन्या बंद झालेल्या सापडल्या. पुढे १८५८ मध्ये शार्को या प्रसिद्ध फ्रेंच डॉक्टरने तेच माणसात दाखवलं. चालताना पायाला जास्त रक्त लागतं, वाहिनी अरुंद, रक्त पोचत नाही, पोटरी दुखते, थांबलं की थांबते. लंगडण्याच्या लॅटिन शब्दावरून या प्रकाराला क्लॉडिकेशन म्हणतात. हे स्पष्टीकरण इतकं स्वच्छ आणि पटणारं होतं, की चालताना पाय दुखून थांबणारा प्रत्येक माणूस मग त्याच खात्यात जमा व्हायला लागला. आजही होतो. तात्यांनाही आधी रक्ताभिसरणाच्या गोळ्या चार महिने दिल्या होत्या. पावलावरची नाडी हाताला ठणठणीत लागत होती, पण ती कुणी पाहिलीच नाही.

नळी अरुंद असू शकते हे मात्र त्याच्याही आधी कुणीतरी नोंदवून ठेवलं होतं. पोर्ताल नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये मणक्यातल्या वाकड्या-अरुंद नळीमुळे पाय लुळे पडू शकतात असं लिहिलं. ते ग्रंथात राहिलं. मग १८९३ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या आर्बथनॉट लेन या सर्जनने एका बाईच्या मणक्याची मागची कमान कापून काढली. तिचा मणका पुढे सरकला होता आणि पायातली ताकद दिवसेंदिवस जात होती. लक्षात घ्या, एक्स-रे सापडला १८९५ मध्ये. म्हणजे या माणसाने आत काय आहे हे न पाहता, नुसत्या तर्काने पाठ उघडली. लेन हे एक अजब प्रकरण होतं. चांभार, कोळसा वाहणारे हमाल अशा कष्टकऱ्यांची प्रेतं उघडून, कामाने त्यांच्या हाडांना कसा आकार आला हे त्याने बारकाईने मांडलं होतं. आणि याच माणसाने पुढे बद्धकोष्ठ हे सगळ्या रोगांचं मूळ मानून लोकांची मोठी आतडी काढायचा सपाटा लावला! एकाच माणसाच्या हातून किती शहाणपण आणि किती वेडेपणा व्हावा. असो.

१९०० साली न्यूयॉर्कच्या साक्स आणि फ्रेंकल यांनी एका अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाबद्दल लिहिलं. त्याला पुढे वाकलं की बरं वाटायचं. त्याच्याही दोन मणक्यांच्या कमानी काढल्या. १९११ मध्ये पॅरिसच्या देजेरीनने स्वच्छ सांगितलं, की बाबांनो, चालताना पाय गळणाऱ्या काही लोकांच्या पायाची नाडी अगदी व्यवस्थित लागते. दोष पायाच्या रक्तवाहिनीत नाही, वर कण्यात आहे. त्यालाही वाटलं ते कण्याच्या रक्तपुरवठ्याचंच, कारण शार्कोची सावली मोठी होती. पण निदान बोट योग्य जागेजवळ आलं होतं. एवढं सगळं कागदावर होतं, म्हणजे १९११ पर्यंत. आणि तरीही पुढची जवळजवळ चाळीस वर्षं या आजाराला कुणी आजार म्हणून ओळखलं नाही.

का? माझ्या मते याचं एक मोठं कारण गादी. १९३४ मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिलं, की मणक्यांमधली गादी फाटून मागे येते आणि नस दाबते, आणि ती काढली की माणूस बरा होतो. तोपर्यंत असल्या गोळ्याला कूर्चेची गाठ समजून काढत होते. मोठाच शोध होता, शंका नाही. पण त्यानंतर कंबर आणि पाय दुखणाऱ्या प्रत्येकाची गादीच सरकलेली असायला लागली. आपल्याकडे अजूनही तसंच आहे. कुणाचीही कंबर धरली की शेजारी विचारतात, "गादी का?" ऑपरेशनला पाठ उघडायची, गादी शोधायची, ती तर जागेवर दिसायची. मग थोडीफार खरवडून पाठ शिवायची. ज्या हाडाच्या कमानी मूळ जागा अडवून बसल्या होत्या त्या तशाच. आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

आता आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस. हेंक व्हर्बीस्ट, हॉलंडमधल्या उत्रेख्त गावचा न्यूरोसर्जन, जन्म १९०९. त्याच्याकडे प्रौढ आणि उतारवयाचे काही पुरुष आले. चाललं, उभं राहिलं की दोन्ही पायांत कळा, बधिरपणा, ताकद जाणं. आडवं झालं की लगेच सगळं गायब. आणि पलंगावर निजवून तपासलं तर काहीसुद्धा सापडत नाही. सगळे रिफ्लेक्स ठीक, ताकद ठीक. अशा माणसाबद्दल डॉक्टर काय म्हणतील ते सांगायला नको. काकू म्हणाल्या तेच.

व्हर्बीस्टने त्यांच्या पाठीत डाय घालून एक्स-रे काढले. ही पद्धत १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये सिकार आणि फोरेस्तिए यांनी आणली होती. तेलकट डाय पाठीच्या पाण्यात सोडायचा आणि तो कुठे अडतो ते बघायचं. तो अडत होता. ऑपरेशन करून पाहिलं तर गाठ नाही, गादी नाही, नुसतं हाड. नळीच लहान. साध्या एक्स-रेत नळीची पुढून मागची खोली नीट मोजता येत नसे, म्हणून पुढे त्याने ऑपरेशनच्या वेळी आतच मोजमाप घ्यायला सुरुवात केली, त्यासाठी खास उपकरण बनवलं. १९५० मध्ये त्याने हे डच भाषेत लिहिलं, आणि १९५४ मध्ये इंग्रजीत, सात रुग्णांबद्दल. इंग्रजी लेखाने जग जागं झालं, तेही सावकाश. पुढे त्याने मापंही ठरवली. पुढून मागे दहा मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर नळी नक्की अरुंद. दहा ते बारा असेल तर काठावर, म्हणजे एरवी चालून जाईल, पण गादी जरा फुगली की त्रास.

न्याय म्हणून सांगायला हवं, की व्हर्बीस्ट पहिला नव्हता. इस्तंबूलच्या सारप्येनर यांनी जन्मजात अरुंद नळीबद्दल १९४५ मध्येच लिहिलं होतं. आणि १९४८ मध्ये व्हर्बीस्टच्याच देशातल्या व्हान हेल्डरेन यांनी, कमरेला मागे बाक आला की पायांना त्रास होतो आणि बाक गेला की जातो, हे ओळखून जाड झालेल्या अस्थिबंधाकडे बोट दाखवलं होतं. या व्हान हेल्डरेनच्या नावाने एक चाचणी आहे, जी वाचून मी खुर्चीतून उठलोच. सायकलची चाचणी! रोग्याला सायकलवर बसवायचं. वाहिन्यांचा आजार असेल तर पायडल मारताना पोटऱ्यांना रक्त कमी पडून दुखणारच, कसेही बसा. पण दोष नळीत असेल तर पुढे वाकून कितीही पायडल मारलं तरी दुखणार नाही, आणि ताठ बसवलं की दुखेल. डिक आणि डॉइल या दोघांनी १९७७ मध्ये ती त्याच्या नावानिशी लिहून काढली. सायकलींच्या देशातल्या माणसाच्याच नावाने ही चाचणी असावी, हेही छानच. तात्यांचं सायकलवर जाणं हा त्यांच्या ढोंगाचा पुरावा म्हणून घरात वापरला जात होता. प्रत्यक्षात तोच त्यांच्या आजाराचा पुरावा होता. मी हे काकूंना फोनवर वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

१९६१ मध्ये लंडनच्या ब्लॉ आणि लोग यांनी या प्रकाराला अश्वपुच्छाचं क्लॉडिकेशन असं नाव दिलं, आणि मग मात्र रुग्ण सगळीकडे दिसायला लागले. १९७० च्या दशकात हेही स्पष्ट झालं, की व्हर्बीस्टची मूळची लहान नळी हा एक भाग, पण म्हातारपणी दिसणारी बहुतेक प्रकरणं झिजेची असतात. मूळची लहान आणि वर झीज, असं दोन्ही असेल त्याला लवकर त्रास होतो.

इथे मला सगळ्यात विचारात पाडणारी गोष्ट मूळची लहान नळी का असते ही आहे. मणक्यातली ही नळी लहानपणीच, पहिल्या काही वर्षांतच, जवळजवळ पूर्ण मापाची होऊन बसते. हाडं पुढे वाढतात, उंची वाढते, पण नळी लहानपणी राहिली ती राहिली. १९८५ मध्ये क्लार्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डिक्सन माउंड्स इथे सापडलेल्या शेकडो वर्षांपूर्वीच्या मूळ रहिवाशांच्या सांगाड्यांची मापं घेतली. शिकारीवर आणि रानातलं गोळा करून जगणाऱ्या आधीच्या लोकांपेक्षा मक्याच्या शेतीवर राहणाऱ्या नंतरच्या लोकांच्या नळ्या लहान भरल्या. त्यांनी प्रश्न विचारला तो असा, की तान्हेपणीच्या उपासमारीची किंमत माणूस म्हातारपणी कमरेत भरतो का? तात्यांचं लहानपण कसं गेलं हे घरातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. आणि १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे जी मुलं रांगत होती ती आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या कमरा कुणी मोजल्यात का, असं उगाच मनात आलं.

बरं, मग आलं चित्रांचं युग. १९७१ मध्ये लंडनजवळच्या एका हॉस्पिटलात पहिला सीटी स्कॅन झाला, हौन्सफिल्डच्या यंत्रावर. १९८० च्या दशकात एमआरआय आला. सुई नाही, डाय नाही, आणि नळी आडवी कापून दाखवल्यासारखी लख्ख. व्हर्बीस्टला जे पाठ उघडून मोजावं लागलं ते आता अर्ध्या तासात कागदावर. सुटलो, असं कुणालाही वाटेल. पण १९९० मध्ये बोडेन आणि सहकाऱ्यांनी एक साधंच काम केलं. कधीही कंबर न दुखलेल्या सदुसष्ट धडधाकट माणसांचे एमआरआय काढले. साठीपुढच्यांपैकी एकवीस टक्के लोकांची नळी अरुंद निघाली! त्यांना काही होत नव्हतं. म्हणजे पूर्वी माणूस ओरडत होता आणि आत काही दिसत नव्हतं, म्हणून त्याला खोटं ठरवायचे. आता आत सगळं दिसतं, म्हणून माणूस काय म्हणतो ते विचारायची गरज वाटेनाशी झाली.

याचा अनुभव आम्ही घेतला. एका ठिकाणी तात्यांचा एमआरआय खिडकीशी धरून चार मिनिटांत सांगितलं गेलं, की चार मणके स्क्रूने बांधायचे, पुढच्या आठवड्यात या. तात्या किती चालतात, कशाने थांबतात, कशाने बरं वाटतं, यातलं काहीही विचारलं नाही. आणि नावही विचारलं नाही, ते फाइलवर होतं.

आता हे स्क्रूचं काय ते सांगतो, कारण फोनवर सगळ्यात जास्त गोंधळ याचाच आहे. मूळ ऑपरेशन लेनने केलं तेच, म्हणजे मागची कमान काढून जागा मोकळी करणं. हल्ली पूर्ण कमान न काढता छोट्या खिडकीतूनही करतात. पण जास्त हाड काढलं की मणका सैल होईल, सरकेल, ही भीती. म्हणून स्क्रू-सळया घालून मणके एकमेकांना जोडायचे. १९८०-९० नंतर हे साहित्य उत्तम मिळायला लागलं आणि हात सढळ झाला. अमेरिकेत डेयो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सरकारी विम्याच्या वृद्ध रुग्णांचा हिशोब काढला. २००२ ते २००७ या पाच वर्षांत या आजारासाठीची गुंतागुंतीची जोडणीची ऑपरेशनं पंधरा पट झाली होती. पाच वर्षांत म्हाताऱ्यांच्या कमरा काही पंधरा पट बिघडल्या नसतील. जिवावर बेतणारी गुंतागुंत नुसती जागा मोकळी केलेल्यांत २.३ टक्के, तर मोठ्या जोडणीत ५.६ टक्के.

मग २०१६ मध्ये स्वीडनमधून निकाल आला. २४७ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट. निम्म्यांची नुसती जागा मोकळी केली, निम्म्यांना वर जोडणीही केली. दोन वर्षांनी फरक नाही. त्याच वेळी अमेरिकेत सहासष्ट रुग्णांचा, मणका सरकलेल्यांचा अभ्यास झाला. त्यात जोडणीवाले थोडे उजवे ठरले, म्हणून वाद राहिला. २०२१ मध्ये नॉर्वेने मणका सरकलेलेच २६७ जण घेतले. नुसती जागा मोकळी केलेल्यांत शंभरातल्या साधारण ७१ जणांना चांगला गुण आला, जोडणीवाल्यांत ७३ जणांना. मला तरी यावरून एवढंच कळतं, की जोडणी काही जणांना लागत असेलच, पण ती का लागते हे डॉक्टरने सांगितल्याशिवाय हो म्हणू नये.

इथे एक आपल्या मुंबईतला आवाज उलट बाजूने आहे, तो सांगितलाच पाहिजे. केईएममध्ये न्यूरोसर्जरीचे प्रमुख राहिलेले डॉ. अतुल गोयल म्हणतात, की नळी अरुंद होणं हा मूळ आजारच नाही. मणक्यांच्या मागच्या सांध्यांत स्नायू थकल्यामुळे सैलपणा येतो, मणके किंचित खाली बसतात, त्याने अस्थिबंध दुमडतो, हाडं वाढतात. म्हणून हाड कापू नका, सांधा स्थिर करा, नळी आपली मोकळी होईल. २०१३ मध्ये त्यांनी सांध्यात छोटे ठोकळे बसवलेल्या एकवीस रुग्णांचा अनुभव मांडला. पुढे काही जणांत तर एकही हाड न काढता नुसती जोडणीच केली. विचार विलक्षण आहे, आणि वाकल्यावर बरं का वाटतं याच्याशी तो जुळतोही. पण युरोपातल्या त्या चिठ्ठ्या टाकून केलेल्या अभ्यासांशी जुळवून पाहिला तर माझा कल तिकडेच जातो. मी डॉक्टर नाही, माझ्या कलाला किंमत नाही. पण शंभराहून जास्त वर्षांनंतर, कारण कोणतं आणि परिणाम कोणता यावरच जाणत्यांचं एकमत नाही, हे मला माहीत असलेलं बरं.

ऑपरेशन करावंच का? अमेरिकेत तेरा केंद्रांवर मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये त्याचे निकाल आले. चिठ्ठ्या टाकल्या, पण माणसांनी ऐकलं नाही! ऑपरेशनच्या गटातल्या फक्त ६७ टक्के लोकांनी दोन वर्षांत ते करून घेतलं, आणि ज्यांना करायचं नव्हतं त्यातल्या ४३ टक्के लोकांनी करून घेतलं. त्यामुळे गणित अवघड झालं. प्रत्यक्षात ऑपरेशन केलेल्यांना जास्त आराम पडला हे खरं, पण आठ वर्षांनी चिठ्ठीप्रमाणे पाडलेल्या गटांत फरक उरला नव्हता. २०१५ मध्ये पेनसिल्व्हेनियात १६९ जणांवर ऑपरेशन विरुद्ध फिजिओथेरपी असा अभ्यास झाला. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखे. पण फिजिओथेरपीच्या गटातल्या ५७ टक्के लोकांनी मध्येच ऑपरेशन करून घेतलं होतं, हेही त्यातच लिहिलंय. पाठीत देतात त्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल २०१४ मध्ये ४०० जणांचा अभ्यास झाला. नुसत्या भूल देणाऱ्या औषधापेक्षा स्टेरॉइड घातल्याने फायदा जवळजवळ नाहीच. सांगलीच्या मावशींनी हे वाचावं, म्हणून वेगळं लिहिलं :)

आणि काहीच केलं नाही तर? स्वीडनमध्येच योन्सन आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशन न केलेल्या बत्तीस लोकांकडे सुमारे चार वर्षं लक्ष ठेवलं होतं, १९९२ मध्ये ते छापून आलं. ७० टक्के होते तसेच राहिले, १५ टक्के सुधारले, १५ टक्के बिघडले. माणसं थोडी आहेत, पण "आज नाही केलं तर उद्या अंथरुणाला खिळाल" या धमकीला हे उत्तर पुरेसं आहे. अपवाद एकच, आणि तो सगळ्यांनी लक्षात ठेवा. लघवी-शौचावरचा ताबा गेला, लघवी तुंबली, बसायच्या जागी बधिरपणा आला, किंवा पायातली ताकद भराभर जायला लागली, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल.

दुसऱ्या ठिकाणी आम्ही तात्यांना नेलं तिथल्या सर्जनबाईंनी एमआरआयचं पाकीट आधी उघडलंच नाही. "आजोबा, किती चालता? आणि कशाने बरं वाटतं?" असं विचारलं. तात्या ओशाळून म्हणाले, "वाकल्यावर." मग चपलेचा अंगठा, सायकल, सगळं सांगितलं. बाई हसल्या, दोन्ही पावलांची नाडी पाहिली, व्हरांड्यातून त्यांच्याबरोबर स्वतः चालल्या. मग पाकीट उघडलं. म्हणाल्या, चार जागी दिसतंय खरं, पण त्रास बहुतेक एकाच जागेचा आहे. करायचंच झालं तर तेवढीच मोकळी करू, स्क्रू नको. पायाच्या कळा जातील, कंबरदुखी जाईलच असं नाही. घाई नाही. सहा महिने व्यायाम करा, आणि चालणं किती कमी होतंय ते लिहून ठेवा.

तात्या आता वहीत विजेचे खांब लिहून ठेवतात. मार्चमध्ये सहा खांब, जूनमध्ये सात, पावसात पाच. दिवाळीनंतर परत दाखवायचंय. चारच्या खाली आले तर ऑपरेशन, असं त्यांनी स्वतःच ठरवलंय, आणि घरात त्यावर कुणी वाद घालत नाही. घाटावर जाणं चालू आहे. सायकल बरोबर घेऊन, हँडलवर ओणवं होऊन, हाताने ढकलत जातात. तसं गेलं की अकरा-बारा खांब होतात. काकूही हल्ली बरोबर असतात, भाजीची पिशवी हँडलला. वाटेत रोज कुणीतरी विचारतं, "काय तात्या, पंक्चर?"

"हो ना," तात्या म्हणतात.